साबिरचा नान

समरकंद, २ मे

निगोरा पोरी,

तुझं पत्र टॅक्सीवाल्या रुस्तमनं काल आणून दिलं. दारात उभा राहून "आपा, परदेशातल्या भाचीचं पत्र आलंय, मिठाई काढा" असं ओरडत होता म्हणे. हे मला शेजारच्या माव्लुदानं सांगितलं. मला लांबून नुसता त्याचा उघडा जबडा दिसला, सोन्याच्या दातांसकट.

आधी भांडून घेते, मग बाकीचं. ताश्कंदला उतरलीस आणि थेट हॉटेलात गेलीस? बापाच्या देशात जन्मात पहिल्यांदा पाय ठेवलास आणि पैसे मोजून परक्याच्या गादीवर झोपलीस? अगं, गल्लीत कळलं तर मी तोंड कुठे लपवू? माव्लुदाला मी सांगून टाकलंय की तू माझ्या चुलतबहिणीकडे उतरली आहेस. तिनं विचारलं तर तूही तेच सांग.

फोन का उचलत नाही म्हणून विचारतेस. पोरी, समरकंदच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी उभी हयात गेली. अख्ख्या गावाची लग्नं, भांडणं, मयती, सगळं माझ्या हातून जोडलं गेलं. आता कान गेले. समोरच्याचे ओठ हलताना दिसले की मला सगळं कळतं, पण फोनला ओठ कुठले? माव्लुदाची पोरगी म्हणते, मोबाइल घ्या, त्यावर लिहा. त्या काचेवर माझी बोटं घसरतात. तू आपली कागदावर लिही आणि टॅक्सीवाल्यांच्या हाती दे. आमच्याकडे टपालापेक्षा ते बरे.

तू लिहितेस, "बाबा बरे आहेत." एवढंच? सख्ख्या भावाची खबर एका ओळीत? रिगाहून ताश्कंदपर्यंत तू विमानात बसू शकतेस तर तो का नाही बसला? बर्फ पडला होता का वाटेत?

घर तुझंच आहे. कधी येतेस ते कळव, पेटीतल्या गाद्या उन्हात टाकते.

तुझी आत्या
करामत


ताश्कंद, ५ मे

आत्या, सलाम.

तुमचं पत्र वाचून हसूही आलं आणि लाजही वाटली. माझं उझबेक बरंचसं पुस्तकातून शिकलेलं आहे, चुका पोटात घाला. लहानपणी बाबा झोपवताना जे गुणगुणायचे तेवढंच कानावर होतं. आई रागवायची, पोरीच्या डोक्यात तीन-तीन भाषांचा काला करू नका म्हणून. मग त्यांनी बंद केलं.

हॉटेल सोडलं. तुमच्या चुलतबहिणीचा पत्ता शोधून काढला आणि तिच्या दारात जाऊन उभी राहिले. आता तुमचं खोटं खरं झालं. त्यांनी मला बसवलं ते दारापासून सगळ्यात लांब, आतल्या कोपऱ्यात. मला वाटलं, परकी म्हणून कोपऱ्यात घातली. तासाभरानं कळलं की तीच मानाची जागा. मी मात्र सारखी सरकत सरकत दाराशी येत होते आणि त्या मला ढकलत आत नेत होत्या. त्यांची नातवंडं हसून लोळली.

चोर्सूच्या बाजारात आणखी एक फजिती. नान विकत घेतला आणि पिशवीत उलटा टाकला. विकणारी म्हातारी पिशवीत हात घालून तो बाहेर काढते काय, कपाळाला लावते काय, सुलटा करून परत ठेवते काय! मला म्हणाली, "कुणाची गं तू? आईनं काही शिकवलं नाही?" मी म्हटलं, आई लाटव्हियाची. तर म्हणाली, "मग बापानं?"

आत्या, काही विचारायचंय. एखादा माणूस चहा ओतताना पियाला अर्धाच का भरेल? आणि ओतलेला पहिला चहा पुन्हा किटलीत, पुन्हा पियाल्यात, पुन्हा किटलीत, असं का करेल? पावाला सुरी लावली की चिडेल का? जेवण झाल्यावर दोन्ही तळवे समोर धरून मग चेहऱ्यावरून फिरवतात, तेव्हा मनात काय म्हणतात? हे सगळं मला नीट समजून घ्यायचंय. तुम्ही हसाल, पण मी मुद्दाम त्यासाठीच आले आहे.

बाबा खरंच बरे आहेत. कामात असतात.

शुक्रवारच्या गाडीनं येते.

निगोरा


समरकंद, ७ मे

निगोरा,

हसले नाही. उलट वाईट वाटलं. या गोष्टी आमच्याकडे अंगावरच्या पोरालाही कळतात. साबिरनं तुला यातलं काहीच सांगितलं नाही? नुसतं माझ्या आईचं नाव देऊन मोकळा झाला?

ऐक. पियाला अर्धा भरायचा तो मानाचा. अर्धा दिला की लवकर संपतो, संपला की पुन्हा भरायचा, म्हणजे पाहुणा बसतो, गप्पा चालतात, यजमानाचे हात रिकामे राहत नाहीत. काठोकाठ भरून दिला तर समजावं, आता चहा प्या आणि उठा. माझ्या सासूनं तिच्या जावेला एकदा काठोकाठ दिला होता, ती पुन्हा आमच्या घरची पायरी चढली नाही. किटलीत परत ओततात तो चहा मुरावा म्हणून. नान हातानं मोडायचा, सुरी लावायची नाही, तो काही बकरा आहे का? आणि तळवे फिरवताना मनात म्हणायचं की जे मिळालं त्याबद्दल शुकर, आणि जे इथे नाहीत त्यांनाही मिळो. दुसरा भाग सगळे म्हणत नाहीत. मी म्हणते.

पण तुझा हा "एखादा माणूस" कोण गं? सगळं एकाच माणसाबद्दल विचारल्यासारखं वाटलं. ताश्कंदला कुणी गाठ पडला की काय? पडला असेल तर चांगलंच आहे, पस्तिशी झाली तुझी.

स्टेशनवर येते. ओळखायचं कसं म्हणशील, तर जी बाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे टक लावून बघत असेल ती मी. लोकांना वाटतं म्हातारी उद्धट आहे. वाटू दे.

करामत


समरकंद, १६ मे

निगोरा,

हे पत्र बुखाऱ्याला, गुलबहारच्या गेस्टहाउसच्या पत्त्यावर पाठवतेय. जाताना चुलीपाशी चिठ्ठी ठेवलीस त्यावर तो पत्ता होता. निदान तेवढं केलंस.

मी सकाळी दूध आणायला गेले आणि परत येते तर गाद्यांच्या घड्या घातलेल्या, बॅग गेलेली, तू गेलेली. असं घरातून जातात का गं? आमच्याकडे भाडेकरूसुद्धा असा जात नाही. अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली तुझा पियाला तसाच पडला होता. मी तो धुतला आणि मग बराच वेळ तिथेच बसून राहिले, कारण नंतर काय करायचं ते सुचेना.

माझं काय चुकलं ते शोधून दमले. माव्लुदानं लग्नावरून छेडलं म्हणून? तिला मी झापलं. ती म्हणते, "मी तर नुसतं विचारलं, पोरगी देखणी आहे म्हणून." मोरीत गरम पाणी कमी पडलं म्हणून? की मी सारखं साबिरचं विचारत होते म्हणून? विचारणारच. चाळीस वर्षांवर झाली. तो सैन्यात गेला तेव्हा त्याला मिसरूड नीट फुटलं नव्हतं. नोकरी लाटव्हियात लागली, मग तिथेच लग्न, मग तिथेच घर. सोव्हिएत देश मोडला, सरहद्दी झाल्या, आईच्या मातीलाही त्याला येता आलं नाही. आई गेली, माझे यजमान गेले, मूलबाळ झालंच नाही. उरला तो एक. मग विचारू नको तर काय करू?

आणि तो नान. भिंतीवर टांगलेला बघून तू विचारलंस, "आत्या, हा काय शोभेचा आहे का?" मी म्हटलं, "तुझ्या बापाचा आहे," आणि स्वयंपाकघरात निघून गेले. तुला वाटलं असेल मी चिडले. चिडले नव्हते. मला रडायचं होतं, आणि पाहुण्यासमोर रडत नाहीत. मला वाटत होतं, तिकडे तो काही विसरला तरी हे विसरणार नाही, पोरीला हे तरी सांगितलंच असेल. नाही सांगितलं. म्हणजे त्याच्या लेखी तो नान संपला. इथे मी दरवर्षी त्याच्यावरची धूळ पुसते आणि दर बहारीला नवीन दोरा लावते.

ऊन उतरल्यावर पुलाव केलाच. तुझ्यासाठी गाजरं चिरून ठेवली होती. माव्लुदाच्या घरी पाठवून दिला.

करामत


बुखारा, २० मे

आत्या,

मी पळून आले, हे खरं आहे. गरम पाणी नव्हे, माव्लुदाताई नव्हे, तुम्ही तर मुळीच नव्हे. आत्या, मी बोलताना तुम्ही माझ्या ओठांकडे बघता. दर जेवणाला तुम्ही विचारायचात, "साबिर कधी येणार?" आणि मी काही बोलायच्या आधीच तुमचे डोळे माझ्या तोंडावर येऊन थांबायचे. कागदावर खोटं लिहिता येतं. तुमच्या समोर बसून मला ते बोलता येईना.

आता सगळं लिहिते. रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

बाबांना मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला झटका आला. उजवी बाजू गेली. जीव वाचला. पण त्यांची लाटव्हियन गेली, रशियन गेली, सगळं गेलं. चाळीस वर्षं ज्या भाषेत ते बाजारहाट करत होते, आईशी भांडत होते, ती पुसून टाकल्यासारखी गेली. उरली ती फक्त तुमची भाषा, तीही तुटकतुटक. आणि अख्ख्या रिगात ती समजणारं त्यांच्याजवळ कुणी नाही. मीसुद्धा नाही. आई चार वर्षांपूर्वी गेली. मी औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असते, त्यांना घरी एकटं ठेवता येईना, म्हणून एका वृद्धाश्रमात ठेवलं. माणसं चांगली आहेत तिथली. पण बाबा नर्सला चहा ओतून देतात तो अर्धाच. ती मला म्हणाली, "तुझे वडील जरा हात आखडतात, नाही?" पाव सुरीनं कापला की ओरडतात. नवा कुणी खोलीत आला की डाव्या हातानं त्याला ओढून खिडकीशी, दारापासून लांब बसवतात. सगळ्यांना वाटायचं, डोकं फिरलंय. आत्या, मलाही तसंच वाटायचं.

म्हणून मी पुस्तकं आणली, भाषा घोकली, आणि रजा काढून इथे आले. मला माझ्या बापाचं म्हणणं कळत नव्हतं. कुणीतरी मला ते सांगावं म्हणून आले. झटक्याच्या आधी ते दर वर्षी म्हणायचे, आपाला, माझ्या मोठ्या बहिणीला, कळवायचं नाही, काही झालं तरी ती तिकडे एकटी आहे, ती झुरेल. म्हणून तुम्हाला सांगितलं नाही.

काल इथे काय झालं ते ऐका. गुलबहारचा मुलगा जहाँगीर कोरियाला कारखान्यात कामाला निघाला. अंगणात सगळे जमले होते. निघायच्या क्षणी आईनं भट्टीतला गरम नान त्याच्या तोंडासमोर धरला. त्यानं एक घास तोडला. फक्त एक. बाकीचा नान तिनं पदरात घेतला आणि आत जाऊन भिंतीला टांगला. मी विचारलं, "उरलेला खाणार कोण?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी सूर्य कुठे उगवतो ते विचारतेय. म्हणाली, "तोच. परत येऊन. नाहीतर परत कशाला येईल?"

आत्या, तुमच्या भिंतीवरचा नान तेव्हा कळला. पण फक्त तो नाही.

मी दर रविवारी बाबांना भेटायला जाते. निघताना ते ताटलीतली काळ्या पावाची चकती उचलतात आणि डाव्या हातानं माझ्या तोंडाशी धरतात. मला वाटायचं, पोर उपाशी जाईल अशी काळजी. कधी मी म्हणायचे, भूक नाही, आणि त्यांचा हात बाजूला सारायचे. ते रडवेले व्हायचे. मग त्यांना बरं वाटावं म्हणून एकदा मी ती चकती सबंध खाल्ली. हसत हसत, शेवटचा तुकडासुद्धा. त्यांनी डाव्या हातानं कपाळ बडवून घेतलं आणि लहान मुलासारखे रडले. नर्सनं मला बाहेर पाठवलं. थंडीभर मी हेच केलं, आत्या. ते मला परत ये म्हणत होते, आणि मी कधी नको म्हणत होते, कधी सगळं संपवून टाकत होते.

एक विचारू? समरकंदला आल्यावर दुसऱ्या दिवशी मी रेगिस्तानचा जुना चौक बघायला चार तास गेले, तेव्हा तुम्ही नान पुढे धरला नाहीत. बुखाऱ्यालाही मी नंतर जाणार होते, ते तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुम्ही नानाबद्दल चकार शब्द काढला नाहीत. मी परत यावं असं तुम्हाला वाटत नव्हतं का?

निगोरा


समरकंद, २३ मे

निगोरा, माझ्या पोरी,

पत्र रुस्तमनं दिलं आणि तो चहासाठी थांबला होता. मी वाचायला लागले आणि त्याला चहा द्यायचा राहूनच गेला. तो तसाच उठून गेला. चांगला माणूस आहे.

माझा साबिर अपंग होऊन परक्या खाटेवर पडलाय आणि मी इथे द्राक्षाच्या वेली छाटतेय, हे मला कुणी कळवू नये? तो मूर्ख, तू मूर्ख, आणि "झुरेल" म्हणे! झुरायला मला निमित्त लागतं का? मी काय इतकी वर्षं नाचत होते? फार राग आला. पियाला फोडला. निळा, चांगला होता.

मग राग गेला. मग मी त्याच्यासाठी रडले, मग तुझ्यासाठी रडले. त्या काळ्या पावाच्या चकतीचं वाचून तर हुंदका आवरेना. पण पोरी, कपाळ बडवत बसू नकोस. तुझ्या जागी दुसरी असती तर हात झटकून मोकळी झाली असती. तू इतक्या लांब आलीस, लोकांकडून हसं करून घेतलंस, का, तर बापाला काय म्हणायचंय ते कळावं. साबिरच्या नशिबी असलं लेकरू आहे, याचा मला हेवा वाटतो. हो, हेवा. लिहिते तसं खरंच.

आता तुझा प्रश्न. तुझ्यासाठी नान मी भट्टीतून आणला होता. तू रेगिस्तानला निघालीस तेव्हा कापडाखाली झाकलेला होता. हात पुढे झाला आणि मीच तो मागे घेतला. अगं, साबिरला घास मी दिला होता. आई रडत होती, तिच्या हातात धरवेना, म्हणून मी धरला. तेव्हापासून तो नान माझ्या मानेवर आहे. आईनं मरताना डोळे त्याच्यावरच लावले होते. एका घासाचं एवढं ओझं. ते पुन्हा उचलायची मला हिंमत झाली नाही. तू घास घेतला असतास आणि आली नसतीस, तर? नाही घेतलास तर निदान मला वाट बघायचं कारण राहणार नाही, असं मी मनाला समजावलं. काही उपयोग झाला नाही म्हणा. तू गेल्यावर वाट बघितलीच.

आता मी सांगते ते कर. विमान ताश्कंदहून आहे ना? मग वाटेत समरकंदला उतर. पुलाव करते, या वेळी माव्लुदाला देणार नाही. आणि साबिरचा नान घेऊन जा. मी भिंतीवरून काढून ठेवलाय. दगडासारखा झालाय, चहात बुडवल्याशिवाय चावणार नाही. तो त्या नानापर्यंत येऊ शकत नाही, तर नान त्याच्याकडे जाऊ दे. खाऊ दे त्याला. संपू दे एकदाचं. मी त्याला मोकळा करते आणि स्वतःही मोकळी होते. माझ्या हातानं धरला होता, माझ्याच हातानं पाठवते.

भिंतीवर गोल पांढरा डाग राहिलाय. सारखं तिकडे लक्ष जातं.

तुझी आत्या


रिगा, १४ जून

आत्या, सलाम.

तुमच्याकडचे चार दिवस आठवत इथवर आले. निघताना तुम्ही स्टेशनवर माझा हात धरून ठेवलात, आणि गाडी हलली तरी सोडला नाहीत. गार्ड तुम्हाला रागवत होता, तुम्ही त्याच्याकडे बघतच नव्हता, त्यामुळे तुम्हाला काही ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. मला हसू आलं आणि मग ताश्कंदपर्यंत रडू.

बाबांकडे रविवारी गेले. दारातूनच छातीवर हात ठेवून सलाम केला. बरे आहात? घर सुखी आहे? थकला नाहीत ना? तुमच्या चुलतबहिणीच्या घरी करतात तशी सगळी विचारपूस, एका दमात. ते बघतच राहिले. मग म्हणाले, "बस, बस, आत बस," आणि मला खिडकीशी ढकललं. मी ढकलून घेतलं. चहा त्यांनी अर्धा दिला, मी संपवला, त्यांनी पुन्हा दिला, मी पुन्हा संपवला. नर्स झिग्रिदाला मी समजावलं, तर तीही आता बसून अर्धा-अर्धा पिते. म्हणते, इतक्या महिन्यांत त्यांनी मला मान दिला आणि मी त्यांना चिक्कू म्हटलं.

मग पिशवीतून कापड काढलं आणि तुमचा नान त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बोटं फिरवली. मधल्या ठशावर फिरवली, मग कडेवर, जिथे घास तोडलेला आहे तिथे अंगठा जाऊन थांबला. म्हणाले, "आपा." मग आणखी मोठ्यानं, दाराकडे बघून, "आपा!" त्यांना वाटलं तुम्ही बाहेर उभ्या आहात. मी त्यांना सांगितलं, आपा समरकंदला आहे, तिनं हा तुमच्यासाठी पाठवलाय, खा. चहात बुडवून तोंडाशी नेला.

आत्या, त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. मी पुन्हा नेला तर हात झटकला. रागानं नव्हे. त्यांना एकेक शब्द ओढून काढावा लागतो, कपाळावर घाम येतो. बऱ्याच वेळानं म्हणाले, "इथे नाही. घरी." आणि मग, "आपा वाट बघते." त्यांनी तो त्याच कापडात गुंडाळला, एका हातानं गाठ बसेना म्हणून दात लावून बांधली, आणि माझ्या हातात कोंबला. परत ने, परत ने, असं सारखं खुणावत होते.

मी खूप समजावलं. डॉक्टरांनी सांगितलंय की त्यांना विमानात नेता येणार नाही, आता नाही आणि पुढेही नाही. हे मी त्यांना कसं सांगू? आणि तुम्हाला तरी कसं लिहू? पण लिहिते. तुमच्याशी आता खोटं नको.

आल्यावर शोधून काढलेला, इथे शिकणारा ताश्कंदचा एक विद्यार्थी सुटीला घरी निघालाय. नान त्याच्या हाती पाठवतेय. तुम्ही म्हणाला होतात, मोकळी होते. मला तुम्हाला मोकळं करता आलं नाही. माफ करा.

निघताना त्यांनी पावाची चकती पुढे धरली. मी एकच घास घेतला. त्यांनी उरलेली चकती रुमालात बांधून खिडकीच्या खुंटीला अडकवली आणि मला हात केला. पहिल्यांदाच रडले नाहीत.

निगोरा


समरकंद, ९ जुलै

निगोरा,

नान पोचला. कापडाच्या गाठीला दातांचे वळ होते. ते कापड मी धुतलेलं नाही, धुणारही नाही. हसायचं तर हस.

नान जिथे होता तिथेच टांगला. डाग झाकला गेला. बरं वाटलं मला, हे कुणाला सांगू नकोस. काढून दिला तेव्हा मोठी शहाणी झाले होते, पण त्या दिवसांत घरात पाय ठरत नव्हता. साबिर माझ्यापेक्षा शहाणा. अर्धं डोकं गेलं तरी रीत ठाऊक आहे त्याला.

आता मुद्द्याचं. मी रिगाला येतेय. ओरडू नकोस, मला ऐकू येत नाही. पासपोर्ट झालाय, ताश्कंदला खेपा घालून तुमच्या देशाचा शिक्काही मिळालाय. खिडकीतल्या पोरानं विचारलं, "आजी, एकट्याच? प्रवासाचं कारण?" मी म्हटलं, भावाला चहा ओतायचाय. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि लिहिलं, "कौटुंबिक." द्राक्षांची सोय लावली, गाद्या पेटीत घातल्या, किल्ली माव्लुदाला दिली. ती दोन दिवस माझ्या मागे लागली होती, "आपा, बहिऱ्या माणसानं विमानात बसू नये, ते काय काय सांगत असतात." मी म्हटलं, ते जे सांगतात ते सगळ्यांनाच उशिरा कळतं.

आज सकाळी भट्टीतून नान आणला. प्रवासाला निघणाऱ्यानं घास घ्यायचा आणि घरच्यानं उरलेला टांगायचा. मी नान घेऊन खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि लक्षात आलं की धरणार कोण? माव्लुदा म्हणाली, "द्या, मी धरते, माझ्याकडे टांगते." मी म्हटलं, अगं, तुझ्याकडे टांगलास तर मी तुझ्याच घरी परत येईन, माझ्या कशी? तिनं बिचारीनं हात मागे घेतला. घरचं कुणी नसेल तर काय करावं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. असा माणूस असेल हे कुणाच्या ध्यानीमनीच आलं नसावं. शेवटी मीच धरला, मीच घास तोडला, स्टुलावर चढले आणि साबिरच्या शेजारी खिळा मारून टांगला. खिळा वाकडा गेला.

तू विमानतळावर ये, दिवस आणि वेळ माव्लुदाची पोरगी या पत्राच्या फोटोसोबत मोबाइलवरून तुला कळवतेय. मला ओळखायचं कसं ते तुला माहीत आहे. मी किती दिवस राहीन ते विचारू नकोस, आणि परत कधी जाणार तेही नको. त्याच्याजवळ राहीन तेवढी राहीन. मग कधीतरी परत येईन, तो असेल तर त्याच्याकडून घास घेऊन, नसेल तर दोघांचे नान मीच संपवीन, त्याचा आधी.

आणि एक. मी निघालेय हे साबिरला आत्ता सांगू नकोस. दारात मी दिसेन तेव्हा दिसेन. विमान चुकलं, उशीर झाला, काही झालं, तर तो वाट बघत बसेल. ते त्यानं करायचं नाही.

करामत